वायरीच्या टोकाची टोपी

राहाता
५ ऑगस्ट १९९७

प्रिय सीमाताईस,
भारतीचा सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू म्हणाली असशील, या पोरीला कामाशिवाय चुलत बहिणीची आठवण येत नाही. खरंच येत नाही. पण आधी खुशाली. तिसगावला आई आणि अप्पा ठीक आहेत. सोपानकाका तुझ्यासाठी बाजरी बांधून बसलेत आणि रोज विचारतात, पुण्याला कोण जाणार आहे. बाप मुलीवर एवढा जीव टाकतो हे बघून मला तुझा जरा हेवाच वाटतो.

आता काम. आमच्या कारखान्याच्या संगणक विभागात मी लागले, हे तुला माहीत आहे. विभाग म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि मी. अजून हंगामीच आहे. येत्या हंगामाचं उसाचं गाळप संपलं की माझा आदेशही संपतो, मग पुढच्या आदेशाची वाट बघायची. परवा एमडी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "यंदा मोळी पडेल त्या दिवशी काट्यावरचं वजन हिशेब खात्याच्या पडद्यावर दिसलं, तर तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव मी स्वतः मांडतो. नाही जमलं तर काम नाशिकच्या कंपनीला देऊ." म्हणजे गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायच्या आत सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे. नाशिकची कंपनी आली की माझं टेबल, पंखा आणि मी, तिन्ही गेले.

आणि कॉम्प्युटर तरी कसे, चार घरच्या चार सुनांसारखे. वजनकाट्यावर जुना डॉसचा. हिशेब खात्यात युनिक्सचं कपाटाएवढं मशीन. एमडींच्या केबिनमध्ये नवाकोरा विंडोज ९५. आणि अहवाल छापायला छापखान्यात घेतलेला मॅकिन्टॉश, त्याच्या माउसला एकच बटण. एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. हंगामात काट्यावरची वजनं फ्लॉपीत भरून मच्छिंद्रभाऊ शिपाई सायकलवरून ऑफिसात आणतात आणि तिथे ती पुन्हा टाईप होतात. मधे काय बदललं, कुणी बदललं, ते विचारायची सोय नाही.

आईला हे सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मी लहान होते तेव्हा ती आणि अप्पा याच कारखान्याचा ऊस तोडायला यायचे. म्हणाली, "गाडी काट्यावर चढायची, खिडकीतनं चिठ्ठी यायची. आत काय आकडा पडतोय ते आमाला कवा दिसलंच न्हाई." मला वाटतं नोकरीपेक्षा हेच माझ्या डोक्यात बसलंय. ताई, तुझ्या कंपनीत तू रोज हेच करतेस. मला शिकव.

तुझी,
भारती


पुणे
१६ ऑगस्ट १९९७

प्रिय भारती,
जय भीम. काकूंना आणि अप्पाकाकांना नमस्कार सांग. बाजरी एस.टी.त टाकायला सांग, नाहीतर माझा बाप ती घेऊन स्वतः येईल आणि आठ दिवस राहून मला उपदेश करेल.

चार सुना एका घरात नांदवायच्या तर आधी बोली एक करायची. ती युनिक्सला मुळातच येते, विंडोजला शिकवावी लागते, मॅकला आणि डॉसला वेगळी फ्लॉपी लागते. सगळ्या फ्लॉप्या आणि वायर जोडायला कॉम्प्युटरच्या आत बसवायची पाच कार्डं, एक जास्तीचं, सोबतच्या पार्सलात आहेत. आमच्याकडे नवी आली म्हणून ही जुनी मला मिळाली. साहेबांची परवानगी घेतलीय, घाबरू नकोस.

एक काळी वायर काट्यापासून हिशेब खात्यातून, एमडींच्या केबिनमधून, थेट छापखान्यापर्यंत न्यायची आणि वाटेत प्रत्येक कॉम्प्युटर तिला जोडायचा. वायरीच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी चकचकीत टोपी बसते. तिच्यापुढे काहीच जोडलेलं नसतं, म्हणून लोकांना ती बिनकामाची वाटते. पण दोनपैकी एक जरी टोपी निघाली तरी सगळेच कॉम्प्युटर मुके होतात. मी दोनच पाठवतेय, जास्तीच्या नव्हत्या. नगरला मिळणार नाहीत, सांभाळ.

जोडणं सोपं आहे. अवघड आहे ते कुणाला कुठे जाऊ द्यायचं हे ठरवणं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दे आणि ज्याचं जिथे काम, तेवढंच दार उघडं ठेव. माझं ऐकशील तर कुणावर विश्वास ठेवू नकोस. मी ते उशिरा शिकले.

तुझी ताई,
सीमा


राहाता
७ सप्टेंबर १९९७

प्रिय सीमाताईस,
जय भीम.

ताई, जोडलं! काल छापखान्यातल्या मॅकवर हिशेब खात्याची सभासदांची यादी उघडली. छापखान्यातला कल्याण इतका वेळ बघत राहिला की त्याचा चहा गार झाला. तुझ्या कार्डांचे आणि फ्लॉप्यांचे उपकार कसे फेडू ते कळत नाही. फेडणारही नाही, बहिणीचे आहेत.

वायरीचं एक टोक काट्याच्या खोलीत आहे आणि दुसरं छापखान्यात. दोन्ही टोप्या घट्ट बसवल्या.

पण पासवर्डवरून माझी पंचाईत झालीय. मी प्रत्येकाला वेगळा दिला, कागदाच्या घडीत, हातात. दुपारपर्यंत सगळ्यांचे सगळ्यांना पाठ. कुणी चोरले नाहीत गं, प्रेमाने वाटले. डबा खाताना लोणचं द्यावं तसे. आपल्याकडे एखाद्याने विचारलं आणि आपण सांगितलं नाही, तर तो अपमान. केशरबाई टायपिस्ट शेजारी बसणाऱ्या जयाबद्दल म्हणाल्या, "जयाला न्हाई म्हनू का मी? एका गावच्या हाय आमी."

मी सगळे बदलले आणि सांगू नका म्हणून हात जोडले. तर सूर्यभानराव हिशेबनीस रागावले. कारखान्याची पहिली चिमणी उभी राहिली तेव्हापासून ते इथे आहेत. चष्मा काढून म्हणाले, "भारतीबाई, या ऑफिसात माझ्या कपाटाला कधी कुलूप नव्हतं. आता तुम्ही आम्हाला सांगणार, कुठल्या खोलीत जायचं आणि कुठल्या नाही?"

त्यांच्या मनात काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. माझ्या मनात मात्र आजी आली. तिला गावच्या विहिरीच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, कुणीतरी वरून ओंजळीत पाणी घालेपर्यंत ती उन्हात उभी राहायची. आणि आज कुणी कुठे यायचं नाही, ते मी ठरवतेय. ताई, माझा हात कीबोर्डवर थांबला. हे काम मला करायचंय, पण कुणाला बाहेर उभं केल्यासारखं वाटू न देता. ते कसं करतात?

तुझी,
भारती


पुणे
१५ सप्टेंबर १९९७

प्रिय भारती,

दोनच ओळी, ऑफिसात आहे. काट्याच्या दारातून आधी स्वतःला बाहेर काढ. सगळ्यांसमोर काढ. मग बघ.

आजीची आठवण काढलीस, मला दिवसभर काही सुचलं नाही.

सीमा


राहाता
५ ऑक्टोबर १९९७

प्रिय सीमाताईस,
जय भीम.

तुझ्या दोन ओळींनी काम केलं. सोमवारी सगळ्यांना हिशेब खात्यात बोलावलं आणि माझंच नाव आणि माझाच पासवर्ड घालून काट्यावरचं वजन बदलायला गेले. पडद्यावर आलं, परवानगी नाही. मग एमडी साहेबांना घालायला सांगितलं. त्यांनाही नाही. मी म्हटलं, "वजन लिहिणार फक्त काटेवाला, तेही गाडी काट्यावर असताना. हिशेब खात्याने ते बघायचं, मोजायचं, पण बदलायचं नाही. मीसुद्धा बाहेर, साहेबसुद्धा बाहेर." मग एमडी साहेब हसले, म्हणून बाकीचेही हसले. केशरबाईंनी जयाला स्पष्ट सांगितलं, आता इचारू नको. सूर्यभानराव हसले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "बघू, दसऱ्यापर्यंत किती टिकतंय."

अजून एक केलंय. बदलता येत नाही पण बघता येतं म्हटल्यावर मला सुचलं, तर मग सगळ्यांनाच बघू दे. अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर साफ करून काट्याच्या खिडकीत ठेवलाय, पडदा बाहेरच्या बाजूला करून. त्याला कीबोर्डच लावला नाही. गाडीवाल्याला आपला आकडा आत पडताना दिसेल. एमडी साहेबांनी खिडकीबाहेर जाऊन पडदा बघितला आणि हो म्हणाले.

मच्छिंद्रभाऊंचं मात्र वाईट वाटतं. फ्लॉपीची सायकल बंद झाली. म्हणाले, "आता मशिनी आपसात बोलत्यात, मधी माझं काय काम?" मी त्यांना रोज वायर पुसायचं काम दिलं. मन लावून पुसतात.

गुरुवारी मी आणि अप्पा नागपूरला निघतोय. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचं अप्पांच्या मनात किती वर्षांपासून आहे. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते. मी मच्छिंद्रभाऊंना सांगितलं, मी पूजा करत नाही, तुम्ही तुमच्या पद्धतीने काय करायचं ते करा. "बरं," म्हणाले.

मोळी वीस तारखेला ठरलीय.

तुझी,
भारती


राहाता
१४ ऑक्टोबर १९९७

सीमाताई,

तुझ्या ऑफिसात एसटीडीवरून फोन लावला, तू खडकीला गेल्याचं सांगितलं. म्हणून हे पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतेय.

नागपूरहून आले तर सगळे कॉम्प्युटर मुके. काट्याच्या खोलीत गेले, वायरीच्या टोकाची टोपी नाही. पडली नाही, ती फिरवून काढावी लागते. कुणीतरी काढून नेलीय. टेबलाखाली, खिडकीबाहेर, कचऱ्यात, सगळीकडे शोधलं. काटेवाला आसाराम म्हणतो, दसऱ्याला सुट्टी होती, कोण आलं कोण गेलं मला माहीत नाही. मच्छिंद्रभाऊ अजून रजेवर आहेत. सूर्यभानरावांना विचारलं तर म्हणाले, "टिकलं नाही का?" एवढंच. आणि परत चष्मा लावला.

मी मूर्ख आहे ताई. मला वाटलं होतं लोकांनी मला मानलं. तू सांगितलं होतंस, कुणावर विश्वास ठेवू नकोस. माझ्यासारखीने दारांना कुलपं लावावीत हे त्यांच्या पचनी पडलं नाही, दुसरं काय. काल रात्री मी तक्रार लिहिली. सूर्यभानरावांचं नाव घालून. अजून दिली नाही, पर्समध्ये आहे.

मोळीला पाच-सहा दिवस राहिलेत. कुठूनही एक टोपी मिळव. तुझ्या पाया पडते.

भारती


पुणे
१६ ऑक्टोबर १९९७

प्रिय भारती,

टोपी मिळाली, एका मैत्रिणीच्या ऑफिसातून मागून आणली. या पत्रासोबत एस.टी. पार्सलने टाकतेय. राहात्याच्या स्टँडवर रोज चौकशी कर.

आणि तक्रार दे. वाट बघू नकोस. मी इथे नवी होते तेव्हा माझ्या टेबलावरून फाईल गायब व्हायची, पाण्याचा माझा ग्लास वेगळा ठेवला जायचा, मी गप्प बसले. वाटलं, चांगलं काम करून दाखवू, मग सगळं सुटेल. सुटलं नाही. तू गप्प बसू नकोस. माझ्या वेळी मला हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी तुला सांगते.

तुझी ताई,
सीमा


राहाता
२६ ऑक्टोबर १९९७

प्रिय सीमाताईस,
भारतीचा सप्रेम जय भीम.

तुझं पार्सल चुकून मनमाडला गेलं आणि फिरून मोळीच्या दुसऱ्या दिवशी इथे पोचलं. म्हणजे तुझा सल्लाही उशिरा पोचला. ताई, रागावू नकोस, पण तो उशिरा पोचला हे फार बरं झालं. सगळं सांगते.

सतरा तारखेपर्यंत पार्सल आलं नाही म्हणून मी वर्कशॉपमध्ये गेले. गोरक्षनाथ मिस्त्रींना विचारणार होते, लेथवर अशी टोपी करता येईल का. पर्समध्ये तक्रार होतीच, ठरवलं होतं की नाही जमलं तर सरळ एमडींकडे. वर्कशॉपच्या कोपऱ्यात खंडेनवमीचं ताट होतं. या कारखान्यात ते मोळी पडेपर्यंत हलवत नाहीत. ताटात बॉयलरचा हातोडा, वर्कशॉपचा पाना, हिशेब खात्याचं पेन. आणि सगळ्यांच्या पुढे, झेंडूच्या फुलावर, माझी टोपी. हळद-कुंकू लावलेली, इतकी चकचकीत की तू पाठवलीस तेव्हाही नव्हती.

मी तिच्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी त्याच सकाळी रजेवरून आलेल्या मच्छिंद्रभाऊंना हाक मारली. ते आले आणि माझा चेहरा बघून घाबरले.

"ताई, समद्या खात्यांची हत्यारं ताटात आली. तुमच्या खात्याचं कायच न्हाई. मशीन तर उचलून आनता येईना. मग वायर पुसताना बघितलं, शेवटाला ही टोपी, पुढं कायच जोडलेलं न्हाई. म्हनलं बिनकामाची असंल, पर देखनी हाय. चिंच लावून घासली."

मी म्हटलं, "भाऊ, मी तर पूजा करत नाही, तुम्हाला सांगितलं होतं."

"ठाऊक हाय की. म्हनून तर म्या ठिवली. तुमी नव्या, त्यात गावाला गेलेल्या. ताटात तुमचं काय न्हाई दिसलं तर लोक म्हनतील, ह्या खात्याला कुनी न्हाई."

ताई, मी त्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर रडले. मच्छिंद्रभाऊंना वाटलं त्यांनी काहीतरी फार महागाचं मोडलं. शपथा घ्यायला लागले. मी त्यांना हाताने नुसतं नाही-नाही करत राहिले.

पण पेच सुटला नव्हता. मिस्त्री म्हणाले, "ताट मोळीच्या आधी हलत न्हाई. आजवर हललं न्हाई." मी आग्रह कसा करणार? ज्या पूजेत मी नाही, तिच्यातली वस्तू उचला म्हणायचं? आणि उचलली नाही तर मोळीच्या दिवशी पडदे कोरे. तेवढ्यात कुणीतरी सूर्यभानरावांना घेऊन आलं. दरवर्षी ताटाची पूजा तेच करतात, पण यंदा ताटात आलेली ही चकचकीत वस्तू कशाची आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, ताटाला नमस्कार केला आणि टोपी उचलली.

"हत्यार ताटात ठेवतात ते कामाला बळ यावं म्हणून," ते मिस्त्रींना म्हणाले, "काम अडवायला नाही." मग दोन्ही हातांनी टोपी माझ्या हातात दिली. "घ्या भारतीबाई. तुमच्या कुलपाने मला बाहेर ठेवलंय ते ठेवलंय. आता ते कुलूप चालू तरी करा."

ज्यांचं नाव मी तक्रारीत लिहिलं होतं, त्यांनी माझी नोकरी वाचवली. तो कागद मी घरी येऊन फाडला. त्यांना काही कळलं नाही, कळू देणारही नाही, पण रोज सकाळी त्यांना नमस्कार करताना मान आपोआप जरा जास्त खाली जाते. ते म्हणतात, पोरगी सुधारली.

टोपीत चिंचेचा ओलावा गेला होता. दुपारभर उन्हात ठेवली आणि मग लावली. लागली. खाचांमध्ये कुंकू अजून आहे, मी पुसलं नाही.

सोमवारी मोळी पडली. तिसगावहून आई-अप्पा आले होते. मंडपात भाषणं चालू होती आणि आई मात्र काट्याच्या खिडकीपुढे जाऊन उभी. पहिली टायरगाडी काट्यावर चढली. गाडीवाला बीडकडचा, त्याने बैल धरले आणि खिडकीत बघितलं. आत आसारामने कळ दाबली, बाहेरच्या पडद्यावर आकडा उमटला. त्याच वेळी हिशेब खात्यातून केशरबाई ओरडल्या, "दिसलं, दिसलं!" गाडीवाल्याने आकडा मोठ्याने वाचला, दोनदा वाचला. आईला अक्षर येत नाही पण आकडे येतात. तिनेही वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता दिसतंय गं." आणि पदर डोळ्यांना लावला. मला कायम करायचा आदेश सूर्यभानराव स्वतः टाईप करून घेतायत, पण मला माझा पगार त्या एका वाक्यात मिळाला.

ताई, तुझा सल्ला मी मानला नाही, पण तो तू कुठून दिलास ते मला कळतं. तुझ्या पाण्याच्या ग्लासाचं तू आजवर सांगितलं नव्हतंस. तुझ्या ऑफिसात तसे लोक होते हे खोटं नाही. इथेही असतील. माझ्या वाट्याला या खेपेला मच्छिंद्रभाऊ आले, एवढंच. तू एकटीने जे सोसलंस त्याच्या जोरावर मी आज हे शिकले, कार्डांपासून कुलपापर्यंत, त्याबद्दल तुझे आभार मानायला शब्द नाहीत. दिवाळीला ये. बाजरी अजून तिसगावलाच आहे, आणि तुझा बापही.

तू पाठवलेली टोपी मी वायरीला लावली नाही. मच्छिंद्रभाऊंना दिली. पुढच्या दसऱ्याला मी परत नागपूरला असेन, तेव्हा ताटात ही ठेवा म्हटलं, वायरीवरची काढू नका. त्यांनी तळहातावर घेऊन उलटसुलट करून बघितली.

"म्हंजी ही बिनकामाची?"

"नाही भाऊ," मी म्हटलं, "हिला तेवढंच काम."

तुझी,
भारती